विसरलेला काटा

निवांत बसा. उजवा तळवा उजवीकडच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा आणि सावकाश पोटाच्या मध्याकडे, छातीच्या हाडाखाली न्या. तळव्याखाली यकृत आहे, मोठ्या माणसात साधारण दीड किलोचं. त्याचा डावा भाग जठराला लागूनच असतो. हा शेजार मनात धरून ठेवा.

आता एक जेवण आठवा. मालवणकडचं असेल, गोव्याकडचं असेल. ताटात तारली मासा, भोवती गप्पा. घशाला काहीतरी टोचतं, भाताचा मोठा घास घेतला जातो, टोचणं थांबतं. (डॉक्टर हे करू नका म्हणतात, काटा त्यानं आणखी रुतू शकतो.) गिळलेले बहुतेक काटे काही दिवसांत आपसूक बाहेर पडतात. आतड्यांच्या या मुक्या कामापाशी थोडं थांबा.

क्वचित एखादा काटा जठराची किंवा त्यापुढच्या आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतो. तोंडातले, एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही सोबत जातात आणि तिथे पू धरतो. गिळलेल्या वस्तूमुळे यकृतात झालेल्या गळवाची वैद्यकात नोंद १८९८ सालापासून आहे.

ताप येतो, थंडी वाजते, भूक मरते, पोटाचा वरचा भाग दुखतो. मधे कित्येक आठवडे गेलेले असतात, कधी महिनेही. डॉक्टर विचारतात आणि माणूस मनापासून सांगतो, तसं काही आठवत नाही. मला या आजारात सर्वांत हळवं करणारी गोष्ट हीच वाटते. मनानं जे सोडून दिलं, ते शरीर एकटं वागवत राहतं. साध्या एक्स-रेत माशाचा काटा बहुधा दिसत नाही; सीटी स्कॅनमध्ये तो बारीक पांढऱ्या रेघेसारखा सापडू शकतो. नुसता पू काढला, अँटिबायोटिकनं ताप उतरला, तरी काटा आत राहिला तर गळू पुन्हा भरू शकतं. म्हणून तो दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेनं काढतात.

श्वास संथ होऊ द्या. घरात कवळी लावणारं कुणी असेल तर त्यांना डोळ्यांसमोर आणा. कवळीनं टाळू झाकला की घासातला काटा चटकन कळत नाही. त्यांच्या ताटातला मासा आपण निवडून देतो का? त्यांचा ताप हटत नसेल, तर ‘मध्यंतरी जेवताना काही टोचलं होतं का?’ असं त्यांना शेजारी बसून विचारायला, आणि त्यांना आठवेपर्यंत थांबायला, आपल्याकडे वेळ आहे का?