चुकीचा वाटा

सामुदायिक प्रवासाचे आरक्षण, म्हणजे अनेकांच्या वतीने एकाने वाहनातील जागा आणि मुक्कामाच्या खोल्या आगाऊ राखून ठेवणे, हा वरकरणी खरेदीचा व्यवहार असला तरी त्याच्या पोटात विश्वासाचा आणखी एक व्यवहार दडलेला असतो. खरेदीला पावती असते, अटी असतात, रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल याचे कोष्टक असते. विश्वासाच्या व्यवहाराला यांपैकी काहीच नसते. त्यामुळे तारीख किंवा नाव चुकले की पहिला व्यवहार आपले नियम तत्परतेने पुढे करतो आणि दुसऱ्यापाशी, हे नुकसान कोणी सोसायचे, हे ठरवण्याचे कोणतेच साधन उरत नाही. अशा वेळी भुर्दंड दोषाच्या मागोमाग जातोच असे नाही. ज्याच्या बोटाने शेवटची कळ दाबली गेली, त्याच्या मागोमाग तो हमखास जातो.

या चुका निष्काळजीपणातूनच होतात असे मानण्याची प्रथा आहे, पण तिची तपासणी केली तर चित्र बरेच वेगळे दिसते. मध्यरात्रीनंतर दहा-पंधरा मिनिटांनी सुटणाऱ्या गाडीचे उदाहरण घ्यावे. ‘शनिवारी रात्री निघायचे’ असे सर्वांनी मिळून ठरवलेले असते आणि संयोजक शनिवारचीच तारीख भरतो. वास्तविक ती गाडी रेल्वेच्या लेखी रविवारी सुटणारी असते, म्हणून मंडळी सामानसुमान घेऊन फलाटावर पोहोचतात तेव्हा त्यांची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि मराठी बोलण्यातली रात्रही झोपेतून उठेपर्यंत आदल्याच दिवसाची असते, तर वेळापत्रकाचा दिवस ठीक बारा वाजता पालटतो. दोन कालगणनांच्या सांध्यावर घडणारी ही चूक इतकी नियमित आहे की तिला एका व्यक्तीचा दोष म्हणणे कठीण वाटावे.

नावाच्या बाबतीतही असेच घडते. मराठी नाव स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव अशा तीन घटकांचे असते, विमानाच्या आरक्षणाचा अर्ज मात्र बहुधा दोनच रकाने देतो, आणि मधले नाव कोणत्या रकान्यात घालायचे की गाळायचे, याचे उत्तर पारपत्रावर ते कसे छापले आहे यावर अवलंबून असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या आधारपत्रावर एक नाव आणि पारपत्रावर दुसरे असण्याचा प्रसंग तर घरोघरीचा आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचेही नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय स्वागतार्हच आहे, पण ही मुले सहलीला निघतील तेव्हा दोन रकान्यांत चार घटक बसवण्याचे कोडे कोणाला तरी सोडवावे लागेल.

पूर्वी आरक्षणाचा अर्ज हाताने भरला जाई आणि खिडकीमागचा कारकून तो यंत्रात चढवी. चूक झालीच तर ती कोणाची, याचा निदान वाद तरी घालता येत असे, जरी खिडकी सोडण्यापूर्वी तिकीट व पैसे तपासून घेण्याची सूचना तो वाद बहुतेक वेळा मिटवून टाकी. २००२ साली रेल्वेची तिकिटे संगणकावरून घरबसल्या काढण्याची सोय झाली आणि रांग टळली. मात्र कारकुनाचे काम प्रवाशाकडे आले आणि त्या कामातला धोकाही त्याच्याबरोबर आला, ही गोष्ट ‘सोय’ या शब्दाच्या उजेडात सहसा दिसत नाही. अमेरिकन विधिवेत्ते ग्विडो कॅलाब्रेझी यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या अपघातांच्या खर्चावरील ग्रंथात असा विचार मांडला, की जो पक्ष सर्वांत कमी खर्चात अपघात टाळू शकतो त्याच्यावर नुकसानीचा भार टाकणे समाजाला परवडते. ‘ही गाडी शनिवार संपल्यावर, म्हणजे रविवारी पहाटेपूर्वी सुटते’ असे एक ठळक वाक्य पडद्यावर दाखवायला वाहतूकदाराला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि तेच लक्षात न आल्याने तीस जणांच्या समूहाला तीस भाडी गमवावी लागतात. या कसोटीवर सर्वांत स्वस्तात चूक टाळू शकणारा पक्षच आज बहुतेक वेळा पूर्णपणे नामानिराळा राहतो.

नियमांनी याची अजिबात दखल घेतलेली नाही असे नाही. २०१९ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या प्रवासी सनदेत, उड्डाण किमान सात दिवसांवर असल्यास आरक्षणापासून २४ तासांच्या आत ते विनाशुल्क रद्द करण्याची मुभा दिली गेली. युरोपीय संघाचा २०१५ चा सहलविषयक निर्देश याहून पुढे जातो आणि आरक्षण यंत्रणेतील तांत्रिक दोषामुळे झालेल्या चुकीची जबाबदारी थेट विक्रेत्यावर टाकतो. भारतीय रेल्वेच्या नियमांत समूहाचा स्वतंत्र विचार आहे: लग्नाचे वऱ्हाड किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेचे विद्यार्थी यांच्या बाबतीत, गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी प्रमुखाने लेखी विनंती केल्यास एकाचे तिकीट दुसऱ्याच्या नावावर करून मिळते, पण समूहाच्या एकूण संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंतच. समूह म्हटला की कोणी ना कोणी बदलणारच, हे वास्तव या नियमाने मान्य केले आहे. मात्र अष्टविनायकाला निघालेले महिला मंडळ किंवा चाळीतला मित्रमेळा या यादीत बसत नाही, म्हणजे वऱ्हाड हा शासनमान्य समूह ठरतो आणि मैत्री ठरत नाही.

खरा गुंता समूहाच्या आत, संयोजक आणि सहप्रवासी यांच्या नात्यात आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्याला अभिकर्ता म्हणतो आणि ज्याच्या वतीने तो व्यवहार होतो त्याला प्रधान म्हणतो. मोबदला नसला तरी हे नाते निर्माण होऊ शकते. याच कायद्याचे कलम २१२ सांगते, की अभिकर्त्याने त्या व्यवसायातील सर्वसामान्य माणसाइतके कौशल्य वापरले पाहिजे. पण त्याला एक मार्मिक अपवाद जोडलेला आहे, तो असा की अभिकर्त्याला तेवढे कौशल्य नाही हे प्रधानाला आधीच ठाऊक असेल तर ही अपेक्षा लागू होत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीला ‘तुला मोबाइलवरचे सगळे येते’ म्हणून जे लोक तिकिटांचे काम सोपवतात, त्यांना त्या व्यक्तीचा हा धंदा नाही हे पक्के माहीत असते, आणि नेमके म्हणूनच ते काम फुकटात होते. सेवा विनामूल्य असल्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ‘सेवा’ या व्याख्येतूनही ती वगळली जाते. कायद्याच्या दृष्टीने सहप्रवाशांचा संयोजकावरील दावा असा अगदी लेचापेचा आहे.

व्यवहारात मात्र संयोजक न्यायालयासमोर उभा नसतो, तो चारचौघांसमोर उभा असतो. ‘माझेच चुकले, मी भरतो’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघेपर्यंत सारे गप्प बसतात, आणि ते निघाल्यावर ‘अहो, असू दे’ म्हणणारा एखादाच निघतो. समूहाचा फायदा सर्वांनी वाटून घेतलेला असतो, म्हणजे घाऊक सवलत सर्वांना मिळालेली असते, रांगेत उभे राहण्याचे कष्ट सर्वांचे वाचलेले असतात; नुकसानीचे वाटप करताना मात्र समूह एकाएकी विरघळतो आणि एकटी व्यक्ती उरते. इथे एक भेद केला पाहिजे. पंधरा तिकिटांमागे मिळणारी एखादी मोफत जागा संयोजकाने स्वतःकडे ठेवली असेल, तर ते काम निःशुल्क राहिलेले नसते आणि त्याच्याकडून अधिक काळजीची अपेक्षा करणे रास्त ठरते. मात्र अशी जागा पदरात पाडून घेऊन ‘मी तर समाजसेवा करतो’ म्हणणारे संयोजकही आढळतात, हे नाकारता येत नाही.

सागरी व्यापाराने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान फक्त त्या मालाच्या धन्याचे न मानता जहाज आणि उरलेला माल यांच्या मालकांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचे, हे तत्त्व ऱ्होड्स बेटाच्या नावाने रोमन कायद्यात आले आणि भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही त्याला स्थान आहे. हे वाटप आज यॉर्क-अँटवर्प नियमांनुसार होते. त्यांतील एक तरतूद अशी, की संकट कोणा एकाच्या चुकीने ओढवले असले तरी वर्गणीचा हक्क त्यामुळे बाधित होत नाही. दोषी पक्षाविरुद्धची दाद वेगळी मागता येते. आधी वाटणी, मग दोषनिश्चिती, असा हा क्रम आहे. सहलीत तो नेमका उलटा असतो: आधी दोषी शोधला जातो आणि तो सापडला की वाटणीचा विषयच संपतो. आरक्षणातली चूक म्हणजे हेतुपुरस्सर फेकलेला माल नव्हे, म्हणून हे साम्य ताणता येणार नाही. पण त्या क्रमामागचा विवेक इथेही लागू पडतो, विशेषतः नावाचे स्पेलिंग चुकीचे कळवणारा, वय उशिरा सांगणारा किंवा तिकीट हाती आल्यावर न वाचणारा सदस्यही त्या चुकीचा भागीदार असतो म्हणून.

आयत्या वेळी गळणाऱ्या सदस्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. एकत्र वचन देणाऱ्यांपैकी एकाने आपला वाटा दिला नाही तर उरलेल्यांनी ती तूट समान वाटून घ्यावी, असे करार कायद्याचे कलम ४३ सांगते, आणि ठोक भाड्याने ठरवलेल्या बसच्या बाबतीत गणितही तेच सांगते, कारण चाळीसऐवजी सदतीस जण बसले म्हणून बसचे भाडे कमी होत नाही. इथे लोक कुरकुर करतात, पण देतात. कारण दोष कोणाचा हे स्पष्ट असून तो माणूस समोर नसतो.

सहलीहून परतल्यावर मांडल्या जाणाऱ्या हिशेबाच्या कागदावर बस, मुक्काम, जेवण, चहा-नाश्ता, चालकाला दिलेली बक्षिशी आणि शेवटी ‘किरकोळ’ अशी शीर्षके असतात. चुकलेल्या तारखेची किंवा पुन्हा काढाव्या लागलेल्या तिकिटांची रक्कम यांपैकी कोणत्याच शीर्षकाखाली सापडत नाही, कारण ज्याने ती भरलेली असते त्यानेच तो कागद लिहिलेला असतो.