नाव मागे ठेवून दिलेले दान

हौशी विज्ञानकथा-अंकासाठी कुणी मोबदला न घेता कथा लिहितो, कुणी चित्र काढतो. हे कर्म निष्काम म्हणावे का? एक उदाहरण पाहा. मुंबईत चुनाभट्टीला कार्यालय असलेल्या मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ सालची. तिच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. जगभर ओळखले जाणारे नाव त्यांनी बाजूला ठेवले, म्हणून निवाडा कथेचाच झाला. कुणी म्हणेल, स्पर्धेत बक्षिसाची इच्छा असतेच. असेल. पण गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते, काम उत्तम व्हावे ही आस नव्हे. ती आस गेली तर उरते ती बेफिकिरी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: निष्कामतेच्या नावाखाली लेखक-चित्रकारांना फुकट राबवले जाते. याचे उत्तर देणारा आणि घेणारा यांच्यातल्या फरकात आहे. फळ सोडणे हा देणाऱ्याचा स्वतःपुरता निर्णय; घेणाऱ्याला तो मागण्याचा अधिकार नाही. अंक विकून पैसे येत असतील, तर मानधन द्यावे आणि चित्रकाराचे नाव चित्राखाली छापावे, हा संपादकाचा धर्म. निष्कामता स्वतःकडून मागितली तर साधना होते, दुसऱ्याकडून मागितली तर शोषण. हौशी अंकाची प्रतिष्ठा हा भेद पाळण्यावरच उभी राहते.