पेला, सूर आणि पंगत

सणाचा आनंद आपोआप येतो की तो घडवावा लागतो, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. ज्या घरात दिवाळीच्या आधी आठ दिवस भाजणी दळून येते, डबे घासून उन्हात पडतात आणि पाकाच्या तारेवरून सासू-सुनेचे एकमत किंवा दुमत होते, त्या घरातल्या बाईला विचारा. ती हसून म्हणेल, ‘‘घडवल्यावाचून काय येते हो?’’ आणि तरीही आपणा सर्वांचा अनुभव असा की, फार नेटाने घडवलेला आनंद ऐन वेळी रुसून बसतो. एखाद्या वर्षी सारे काही जागच्या जागी असते आणि जीव मात्र रमत नाही. एखाद्या वर्षी चकली मऊ पडते, आकाशकंदील पावसात भिजतो, आणि नेमक्या त्याच दिवाळीची आठवण पुढे वीस वर्षे निघत राहते. तेव्हा माणसाने आनंदाची तयारी किती करावी आणि कोठे हात आवरता घ्यावा, हा मला केवळ हौसेचा नव्हे, तर नीतीचा प्रश्न वाटतो.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो मात्र भलत्याच वाटेने. माझा एक जुना विद्यार्थी फ्रान्समध्ये लिओं शहरी नोकरीस आहे. त्याने मला लिहिले, ‘‘सर, दिवाळीला इथली चार कुटुंबे माझ्याकडे जेवायला येणार आहेत. इकडच्या रीतीप्रमाणे जेवणाबरोबर वाइन ठेवावी लागेल. मी सगळ्या नैसर्गिक वाइन निवडल्या आहेत. आता कोणत्या वाइनबरोबर कोणता राग लावला म्हणजे बरोबर होईल, ते तुम्ही सांगा.’’ माझ्या घरात मद्य नाही, त्यामुळे चवीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. गाण्यातही मी केवळ श्रवणभक्त. पण त्याच्या पत्रातले दोन शब्द माझ्या मनात घर करून राहिले. एक ‘नैसर्गिक’ आणि दुसरा ‘बरोबर’.

आधी पहिला शब्द घेऊ. द्राक्षाच्या रसाला आंबवणारे यीस्ट द्राक्षाच्या सालीवर आणि द्राक्षघराच्या हवेत मुळातच असते. पण त्याचा भरवसा नाही म्हणून कारखानदार निवडलेले यीस्ट विकत आणून घालतात, आणि वाइन बिघडू नये म्हणून तीत गंधकाचे क्षार मिसळतात. युरोपातल्या कायद्याने कोरड्या तांबड्या वाइनमध्ये लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि पांढरीत २०० मिलिग्रॅमपर्यंत गंधकाची मुभा आहे. नैसर्गिक वाइनवाले म्हणतात, रासायनिक खते-औषधे न घातलेली द्राक्षे हाताने खुडावीत, त्यांचे त्यांना आंबू द्यावे, आणि गंधक घालूच नये. घातलेच तर इतके थोडे की एकूण प्रमाण लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत राहावे. फ्रान्समध्ये २०२० साली अशा वाइनसाठी स्वतंत्र चिन्हही ठरले. गंमत अशी की, या पंथाचा आद्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतात तो बोजोले प्रांतातला झ्यूल शोव्हे (१९०७–१९८९) हा काही रानातला बैरागी नव्हता. तो वाइनचा व्यापारी होता आणि रसायनशास्त्राचा अभ्यासकही. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट तपासणाऱ्या माणसाने हात आवरण्याचा उपदेश केला. त्याने शास्त्र टाकले नाही. शास्त्र पुरते कळल्यामुळेच त्याला हात आवरण्याचा धीर झाला.

कारण खरे पाहता निसर्गाला वाइनशी काहीच देणेघेणे नाही. द्राक्षाचा रस उघड्यावर तसाच सोडला, तर त्याचा शेवट शिरक्यात व्हायचा. निसर्गाच्या लेखी शिरका काही कमी नैसर्गिक नाही. म्हणजे ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या पोटात एक माणूस रात्रंदिवस जागा असतो.

हा माणूस पाहायचा तर काळ्या समुद्राच्या काठच्या जॉर्जिया देशात पाहावा. तेथे सापडलेल्या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षाच्या वाइनचे अंश मिळाल्याचे संशोधकांनी २०१७ साली जाहीर केले. तिकडे अंड्याच्या आकाराचा मोठा रांजण असतो, त्याला क्वेव्री म्हणतात. आपल्याकडे धान्याचे पेव असे, तसा हा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. त्यात रस, साली, बिया असे सारेच ओततात. रस फसफसू लागला की साली वर तरंगून त्यांचा थर होतो. तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, नाही तर वाइन नासते. ही धामधूम ओसरली की तोंड लिंपून टाकायचे आणि पाच-सहा महिने, थेट वसंतापर्यंत, वाट पाहायची. बिया निमुळत्या बुडाशी बसतात, त्यांच्यावर साली बसतात आणि वर निवळलेली वाइन राहते. पांढऱ्या द्राक्षांची वाइनसुद्धा सालींच्या संगतीने अंबराच्या रंगाची होते. नंतर रिकामा रांजण धुवायचा. तो फार मोठा असला तर माणूस आत उतरून घासतो. सोव्हिएत अमलात कारखान्यांची वाइन पिंपांनी वाहू लागली तेव्हाही ही रीत खेड्यांतल्या घरोघरच्या रांजणांत तग धरून राहिली, आणि २०१३ साली युनेस्कोने तिची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

मास्तरकी करणाऱ्या माणसाला या रांजणात आपला वर्ग दिसल्यावाचून राहत नाही. ‘मुलाला त्याच्या कलाने वाढू द्या’ असे आजकाल सर्रास म्हटले जाते, आणि ते खरेही आहे. पण कलाने वाढू देणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. सुरुवातीच्या दिवसांत वर येणारा थर हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा, न कंटाळता खाली दाबावा लागतो. आणि मग एक वेळ अशी येते की झाकण लावून, जीव मुठीत धरून, नुसते थांबावे लागते. कोणत्या वेळी काय करायचे हे कळणे, हीच सारी विद्या. आईबापांच्या हातून चूक होते ती बहुधा या दोन वेळांची अदलाबदल झाल्याने.

येथवर ‘नैसर्गिक’ हा शब्द मला वंदनीय वाटतो. पण त्याला दुसरीही बाजू आहे. जे निर्भेळ ते चांगले, आणि जे चांगले ते बाळगणारा मी इतरांहून थोर, असा शुद्धतेचा सोस फार लवकर जडतो. गंधक न घातलेली एखादी वाइन बिघडते, तिला तबेल्याचा वास येतो, आणि तरीही ‘हीच तिची खरी चव’ म्हणून वाखाणणारे भेटतात. हे आपल्याला नवे नाही. सोवळ्याच्या नावाखाली आपण किती माणसे पंगतीबाहेर बसवली, याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. दुकानातली साधी, गंधक घातलेली बाटली घेऊन जो पाहुणा प्रेमाने दाराशी आला, त्याची बाटली यजमानाने नाक मुरडून बाजूला ठेवली, तर त्या घरातली वाइन कितीही नैसर्गिक असो, आतिथ्य भेसळीचे झाले. शुद्धता हा वस्तूचा गुण असू शकेल. माणसाचा गुण व्हायला तिच्यात मायेची भेसळ लागते.

आता दुसरा शब्द. मराठीत ‘बरोबर’ म्हणजे सोबत, आणि ‘बरोबर’ म्हणजे बिनचूक. कशाबरोबर काय बरोबर, हा प्रश्न आपली भाषा एकाच शब्दात विचारते. पहिले ‘बरोबर’ जिभेचे. इंग्लंडमधल्या एका दुकानात संशोधकांनी वाइनच्या फळीजवळ कधी फ्रेंच तर कधी जर्मन संगीत वाजवून पाहिले. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त आला. फ्रेंच सूर वाजले की फ्रेंच वाइन अधिक खपे, जर्मन वाजले की जर्मन. विचारल्यावर मात्र बहुतेक गिऱ्हाइकांना या सुरांचा आपल्यावर काही परिणाम झाला, असे वाटत नव्हते! जे कानावर पडते ते असे नकळत हातापर्यंत पोहोचते. तेव्हा सूर आणि चव यांची सांगड घालता येते यात शंका नाही. शंका एवढीच की, जी सांगड व्यापाऱ्याला साधते, तिच्यासाठी यजमानाने सणाच्या दिवशी जीव का आटवावा?

दुसरे ‘बरोबर’ वेळेचे. आपले संगीत पदार्थाशी कधीच जोडलेले नव्हते. ते प्रहराशी जोडलेले आहे. उजाडताना ललत, दिवेलागणीनंतर भूप, मैफल उठताना भैरवी. करंजीचा राग कोणता, असे आपल्या बुजुर्गांनी विचारले नाही. दिवाळीच्या पहाटे गाण्याची बैठक भरते तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात काय आहे याच्याशी गाणाऱ्याला कर्तव्य नसते. बाहेर किती उजाडले आहे, याच्याशी असते. माणसाने आपली हौस थोडी बाजूला ठेवून सूर्याशी जुळवून घ्यावे, ही त्यातली शिकवण. माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच कळवले की, रात्रीचे जेवण आहे तर रात्रीचे राग लाव आणि बाटल्यांची चिंता सोड.

पण तिसरे एक ‘बरोबर’ आहे आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. ते माणसांचे. जॉर्जियातल्या मेजवानीला सुप्रा म्हणतात. सुप्रा म्हणजे मुळात मेजावर अंथरलेले कापड. तेथे ज्याला वाटेल तेव्हा त्याने पेला उचलायचा नसतो. पंगतीचा एक प्रमुख असतो, तमादा. तो उभा राहून कुणाच्या नावे प्यायचे ते सांगतो, बोलतो, आणि मगच पेले उचलले जातात. शांततेच्या नावे, गेलेल्या माणसांच्या नावे, लेकराबाळांच्या नावे. कधी तो ‘अलावेर्दी’ म्हणून आपले बोलणे दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि तो पुढे बोलतो. मधूनच कुणी सूर लावतो, दुसरा त्याच्यावर चढतो, बाकीचे खालचा सूर धरून ठेवतात. काखेती प्रांतात तर हा खालचा सूर आपल्या तंबोऱ्यासारखा अखंड चालतो. ‘म्रावालझामिएर’ या त्यांच्या गाण्याच्या नावाचा अर्थ ‘पुष्कळ वर्षे’. आपण औक्षण करताना जे मनात आणतो तेच. या गायकीला युनेस्कोने २००१ साली गौरवले. पण मला भावते ती गोष्ट वेगळीच. तेथे गाणारे आणि जेवणारे निराळे नाहीत. सूर निवडावा लागत नाही, कारण तो पंगतीतूनच उठतो. आणि गेलेल्यांचे नाव घेतल्यावाचून जिवंतांचा आनंद पुरा होत नाही.

येथे वाचक मला अडवतील, आणि त्यांनी अडवावेच. शेवटी दारू ती दारूच, तिला रांजणाचे कौतुक कशाला? माझ्या वर्गातल्या ज्या मुलांची फी थकते, त्यांपैकी काहींच्या घरी ती कोठे जाते हे मला ठाऊक आहे. पुरुषाच्या पेल्यामुळे ज्या बाईची दिवाळी अंधारात गेली, तिला सुप्राचे काव्य ऐकवण्याचे धाडस मी करणार नाही. त्या सुप्रातही जास्त पिणे हा पुरुषार्थ समजण्याची खोड आहेच. पेल्याला शिस्त लावता येते एवढे ती रीत सांगते; पेला हवाच, असे तिने सांगितले तरी मी ऐकणार नाही. सरबताचा पेला उचलूनही गेलेल्या माणसाचे नाव घेता येते.

आणि याहून मोठी उणीव दुसरीच आहे. त्या मेजावर प्रमुख म्हणून उभा राहतो तो परंपरेने पुरुष. ताटामागून ताट येत राहते ते आतून, बायकांच्या हातून. हे वाचताना मला जॉर्जिया परका वाटेनासा झाला. आपल्या घरी दिवाणखान्यात पहाटेचा राग रंगात येतो तेव्हा आत तेलाच्या चरचरीत कुणाला तरी तो ऐकू येत नसतो. ‘वा’ म्हणणारा आणि तळणारी, यांची सांगड घातल्यावाचून ललताची आणि लाडवाची सांगड घालून काय उपयोग?

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांवर एकेक सोनेरी तबकडी आहे, पृथ्वीवरच्या संगीताचे नमुने असलेली. तीत काखेतीच्या मेजवानीतले ‘चाक्रुलो’ आहे, आणि गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. त्यांतले एक यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही दोन गाणी एकमेकांबरोबर शोभतात का, हे कुणी चाखून ठरवले नाही. दोन्ही माणसांची आहेत, एवढ्यावर ती एका तबकडीवर बसली.

यंदाच्या दिवाळीत तेवढेच करून पाहावे. कोणते गाणे लावायचे हे, जिने फराळ केला तिला विचारावे. ती म्हणेल, ‘‘मला काय कळतंय त्यातलं!’’ तरी विचारावे. तिने सांगितलेले गाणे लागले की गॅस बंद करावा, तिचे ताट आधी वाढावे, आणि ती बसेपर्यंत कुणी पहिला घास घेऊ नये. मग ते गाणे नाट्यगीत असो, भावगीत असो की सिनेमातले असो, ते त्या ताटाबरोबर अगदी बरोबर असेल.