दोष कुणाच्या तारेत?

वसमतच्या एका हळद गिरणीत मोटरच्या बेअरिंगची थरथर मोजण्याचे काम एका तरुण अभियंता मुलीने अंगावर घेतले. बेअरिंग निकामी होण्याआधी त्याची थरथर बदलते. ती वेळीच कळली, तर ऐन हंगामात गिरणी बंद पडत नाही. मोटरजवळचा मापक नेटवर्कवरून सेकंदाला शेकडो यूडीपी पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवी आणि कचेरीतल्या संगणकावर तिचा लॅबव्ह्यू प्रोग्राम ती पाकिटे वाचत असे. लॅबव्ह्यूमध्ये ओळी लिहीत नाहीत. चौकोन मांडून ते तारांनी जोडतात.

पण आलेखात मध्येच खिंडारे पडू लागली. पाकिटांचे अनुक्रमांक तुटत होते. तिने केबल टाकणाऱ्या मामांना बोलावले.

"मामा, तुमच्या केबलमध्येच दोष आहे."

"ताई, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासलीय."

तिने ऐकले नाही. मामांनी मुकाट्याने नवी केबल ओढली. खिंडारे तशीच राहिली.

मग तिने हिंगोलीला आपल्या जुन्या सरांना गाठले. सरांनी विचारले, "पाकीट नेमके कुठे हरवते, ते पाहिलेस का?"

"लॅबव्ह्यूच्या यूडीपी रीड चौकोनातून जे येते ते रोज पाहते, सर."

"पोरी, तिथे पोचेपर्यंत इथरनेटचे १४, आयपीचे २० आणि यूडीपीचे ८ बाइट उतरवलेले असतात. तुझ्या हाती येतो तो नुसता आतला मजकूर. बफर, म्हणजे आलेली पाकिटे ठेवायची जागा, भरला, तर ऑपरेटिंग सिस्टीम पाकीट टाकून देते आणि यूडीपीत त्याची वर्दी कुणालाच जात नाही. नेटवर्क कार्डावर काय उतरते ते कच्चे बघ."

तिने मालकांची परवानगी घेतली. एनपीकॅप ही पाकिटे पकडणारी लायब्ररी 'कॉल लायब्ररी फंक्शन नोड'मधून आपल्या प्रोग्रामला जोडली. कचेरीतली इतरांची वाहतूक चाळण्याचा आपल्याला हक्क नाही, म्हणून फक्त मापकाच्या पत्त्याची गाळणी लावली.

कार्डावर सगळे अनुक्रमांक सलग उतरत होते! केबल निर्दोष होती, मापकही. तिच्या एकाच लूपमध्ये वाचन, गणित आणि आलेख कोंबलेले होते. आलेख रंगेपर्यंत नवी पाकिटे साचत आणि बफर भरला की टाकली जात. तिने दोन लूप केले: एक फक्त वाचणारा, दुसरा आलेख काढणारा, मध्ये रांग. खिंडारे थांबली.

तिने हे सरांना कळवले. सर म्हणाले, "आपल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, ४ किलोमीटर लांब भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. अमेरिकेतल्या तिच्या दोन बहिणींना १४ सप्टेंबर २०१५ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा सापडली. जगाला सांगितले ते ११ फेब्रुवारी २०१६ला. मधल्या काळात त्या शास्त्रज्ञांनी आधी आपल्याच यंत्रांवर संशय घेतला. जमिनीचे हादरे, विजेचा गोंधळ, कुणाचा खोडसाळपणा, सगळे तपासून झाल्यावर मगच त्यांनी आकाशाकडे बोट दाखवले."

दुसऱ्या दिवशी तिने मामांना गिरणीत बोलावले आणि सगळ्या कामगारांसमोर सांगितले, "मामांची पहिली केबलही चोख होती. चूक माझ्या मांडणीत होती." नव्या केबलची मजुरी तिने स्वतःच्या खिशातून दिली.

तात्पर्य : आपल्यापर्यंत काय पोचले, ते कच्च्या रूपात पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवू नये. आणि दोष आपल्याच मांडणीत सापडला, तर ज्याला बोल लावला, त्याचे निर्दोषपण चारचौघांत सांगावे.