शेजार आणि संबंध

इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधनकेंद्रात एक एकर गव्हाचे, दिसावयास सर्वत्र सारखे असे उभे पीक वीस ओळी व पंचवीस स्तंभ अशा ५०० तुकड्यांत विभागून, प्रत्येक तुकड्याचा दाणा निराळा तोलून, मर्सर व हॉल या दोघांनी त्याचा तक्ता १९११ साली प्रसिद्ध केला, तेव्हा शेतावरील प्रयोगात चूक किती संभवते याचा अदमास घ्यावा एवढाच त्यांचा हेतू होता. कोणत्याही तुकड्याला विशेष वागणूक मिळालेली नसता, आणि सरासरी ३.९५ पौंडांच्या सुमारास असता, एखादा तुकडा पावणेतीन पौंडांच्याही आत राहिला, तर एखादा पाचांच्या वर गेला.

ही तफावत केवळ यदृच्छेने विखुरलेली, की तिला शेजाराचे काही बंधन आहे? मोरान या गणितज्ञाने १९५० साली सुचविलेली कसोटी अशी, की प्रत्येक तुकड्याचे सरासरीपासूनचे अंतर शेजाऱ्याच्या तशाच अंतराने गुणावे व त्या गुणाकारांच्या सरासरीला एकंदर विचलनाच्या मापाने भागावे. शेजारी शेजाऱ्यासारखा असेल तर फल धन येते, संबंध नसेल तर ते शून्याच्या किंचित खाली, येथे उणे एक भागिले ४९९ या अपेक्षित मूल्याच्या आसपास, राहते. आलेले फल लक्षणीय आहे की नाही हे ठरविण्यासाठी तेच आकडे पत्त्यांसारखे पुनःपुन्हा पिसून मांडावे, आणि अशा कल्पित शेतांपैकी किती शेते खऱ्या शेताची बरोबरी करतात ते पाहावे. म्हणजे जे आहे त्याची परीक्षा, जे कधीच नव्हते परंतु असू शकले असते, त्याच्या साक्षीने होते.

सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती याने ‘संबंधपरीक्षा’ या छोट्याशा ग्रंथात संबंधाचे वास्तवत्वच नाकारले आहे: वस्तू दोनच राहिल्या तर त्यांना जोडणारे काही नाही, आणि त्या एक झाल्या तर संबंध कोणाचा कोणाशी? मोरानचे सूत्र दाखवून त्याला निरुत्तर करता येईल असे मला वाटत नाही. तुकड्यांच्या हद्दी मोजणीदाराने आखल्या. कडेला कड लागेल तोच शेजारी, की कोपऱ्याला कोपरा टेकणाराही, हेही त्यानेच ठरविले. आणि हे ठरविणे बदलले की फलही बदलते. मग संबंध मातीचा की तक्त्याचा? आक्षेप वजनदार आहे, तथापि अर्धाच खरा. कारण हद्दी आखणाऱ्याने दाण्याचे वजन काही आखलेले नव्हते.

याहून खोल अडचण नैयायिकांना ठाऊक होती. अग्नीवरून धुराचे अनुमान करू पाहणाऱ्याला ते ओल्या सर्पणाची उपाधी, म्हणजे आड दडलेली अट, दाखवून थांबवितात. शेजाऱ्यांचे साम्य सिद्ध झाले तरी एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला, की दोघेही एका तिसऱ्याच कारणाच्या छायेत आहेत, याविषयी कसोटी मौन पाळते. त्याच जुन्या तक्त्यात मॅकब्रॅटनी व वेब्स्टर यांना १९८१ साली ठराविक अंतराने येणारी चढउतार आढळली, आणि तिचे कारण त्यांनी पूर्वीच्या काळच्या वरंबे-सऱ्या पाडणाऱ्या नांगरटीत शोधले. ज्याला आपण मातीचा स्वभाव म्हणतो त्यात अज्ञात नांगऱ्यांच्या हाताचा वाटा किती, हे मोरानची संख्या कोठून सांगणार?

स्वातंत्र्य ही निसर्गातील मूळ स्थिती व अवलंबन हा अपवाद, असे गृहीत धरून आपण परीक्षा मांडतो खरी. परंतु १९१९ साली रॉथॅमस्टेडला रुजू झालेल्या फिशर या संख्याशास्त्रज्ञाचा अनुभव उलट दिसतो. शेतातील शेजारसाम्य त्याने नाकारले नाही. ते नाहीसे करता येणार नाही म्हणूनच कोणत्या तुकड्यास कोणते खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असा त्याने आग्रह धरला. मातीत नसलेले स्वातंत्र्य माणसाने बाहेरून आणून घातले ते असे. ग्रीसमध्ये पापाडाकिस याने १९३७ साली दुसरी वाट धरली: शेजारच्या तुकड्यांची आपापल्या खताच्या सरासरीहून कमीअधिक निपज हिशेबात घेऊन प्रत्येक तुकड्याच्या फलाची दुरुस्ती करावी, आणि जो संबंध फिशरने चिठ्ठ्यांनी निष्प्रभ केला त्यालाच कामास लावावे.