उघडे हात

वडपे नाक्यावर सकाळी सातच्या आत उभं राहिलं की आधी ट्रकचे आवाज कानात शिरतात. नाशिककडून येणारा महामार्ग, त्यात आमण्याहून समृद्धीच्या गाड्यांची भर, ठाण्याकडे तोंड करून उभ्या कंटेनरची रांग आणि दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं. या धुरळ्यात पाठीवर दप्तर टाकलेली पोरं रस्ता ओलांडायची वाट बघत असतात. एखाद्याचा बाप इथलाच आगरी किंवा कुणबी, भातशेती गोदामाला देऊन बसलेला. दुसऱ्याचा बिहारहून मालाच्या चढ-उताराला आलेला. एखादी पोर कातकरी पाड्यावरची. त्यांच्या घरांत देव वेगवेगळे, काही घरांत देवच नाहीत. थोड्या वेळात ही सगळी सरकारी शाळेच्या पटांगणात एका रांगेत उभी राहणार.

मी या भिवंडी तालुक्यात मास्तरकी केली. परिपाठ हा माझा आवडता तास. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. ती प्रतिज्ञा मुळात १९६२ साली पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, हे पोरांना सांगितलं की त्यांना फार नवल वाटायचं. आपलं रोजचं वाक्य दुसऱ्या कुणाच्या भाषेतून आलंय, हे कळल्यावर ती ते जरा नीट म्हणायची.

एका वर्षीची गोष्ट. चौथीतला एक मुलगा प्रार्थनेच्या वेळी रांगेच्या टोकाला हात मागे बांधून उभा राहायचा. गडबड नाही, कुजबुज नाही, नुसता उभा. मी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘‘हात जोड.’’ त्याने जोडले. बोटं एकमेकांवर नीट बसत नव्हती, अंगठे बाहेर राहिले होते, आणि तो माझ्याकडे न बघता स्वतःच्या पायांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी बाप त्याला घेऊन आला. रात्रपाळी करून आलेला लूमवरचा माणूस, दाढीत कापसाचा कोंडा. आवाज न चढवता म्हणाला, ‘‘गुरुजी, दुआ मागताना आम्ही हात उघडे ठेवतो, जोडत नाही. पोरगं घाबरलं. त्याला वाटलं, घरी चुकीचं शिकवलं की शाळेत?’’

मी त्याची माफी मागितली. मुलाचीही, वर्गात, सगळ्यांसमोर. कारण चूक सगळ्यांसमोर केली होती. पण तो प्रश्न माझ्याजवळच राहिला. नऊ वर्षांच्या पोराला घर आणि शाळा यांच्यातलं एक चुकीचं ठरवायला लावणं, ही शिस्त नव्हे. ते मन मोडणं आहे.

आपल्या घटनाकारांनी हा प्रश्न आधीच हातात घेतला होता. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत शाळेतल्या धर्मशिक्षणावर चर्चा झाली. उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिल्हा बोर्डाच्या शाळेचंच उदाहरण घेतलं, म्हणजे आजच्या जिल्हा परिषद शाळेच्या पूर्वजाचं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बहुसंख्य मुलं एका धर्माची आहेत म्हणून बोर्डाने त्या धर्माचं शिक्षण द्यायचं ठरवलं, तर सगळ्यांच्या कराचा पैसा एका धर्मावर खर्च होईल. शिवाय इथे धर्म अनेक, आणि प्रत्येकाचा दावा की खरा मार्ग आपलाच; तो वाद शाळेच्या दारात कशाला आणायचा? त्यातून पुढे अनुच्छेद २८ आला. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते असेल, तर त्यात किंवा उपासनेत भाग घ्यायची सक्ती कुणावर नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी.

हे कागदावरचं कलम माझ्यासाठी माणूस झालं ते २०१३ साली. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक संजय साळवे प्रार्थनेला उभे राहायचे, पण हात जोडत नसत. तेवढ्यावरून ती बेशिस्त धरली गेली आणि त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. तो निकाल मी पेपरात वाचला तेव्हा मला साळव्यांच्या आधी तो चौथीतला मुलगा आठवला. मोठा माणूस कोर्टात जाऊ शकतो. पोर कुठे जाणार? ते फार तर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही.

कुणी म्हणेल, मग शाळेतून धर्माचं नावच काढून टाकायचं का? मला तसं वाटत नाही. मंदिर, मशीद, विहार, चर्च यांत काय चालतं, लोक उपास का धरतात, रोजा का ठेवतात, वारीला का जातात, बुद्धपौर्णिमेला काय करतात, हे मुलांना कळायलाच हवं. शेजाऱ्याबद्दल काही ठाऊक नसेल तर त्याच्याविषयी जे कानावर येईल ते खरं वाटतं. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात धर्मांविषयी शिकवणं आणि धर्माचं शिक्षण देणं यांत फरक केला. नकाशात काशी, मक्का आणि बोधगया दाखवणं हे मास्तरचं काम आहे. पाया पडायला लावणं हे त्याचं काम नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची पद्धत होती. एक, एक, एक असे आकडे जोडत गेलं की चित्र उभं राहतं. पोरांना त्यात केवढा आनंद! त्या मुलानेही एके वर्षी काढली, सगळ्यांत सुबक, आकडे अगदी सारखे. मी त्याला काढ म्हणालो नव्हतो, काढू नको असंही म्हणालो नव्हतो. पाटीला फूल वाहायची वेळ आली तेव्हा तो बाजूला जाऊन झेंडूच्या पाकळ्या गोळा करत बसला. तेवढी जागा त्याला मिळाली, तेवढ्याने भागलं. शाळेने एवढी जागा प्रत्येक मुलाला द्यावी, माझं मागणं इतकंच.

आणि भिवंडीवाल्यांना हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज पडू नये. १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली इथल्या हिंदू-मुस्लिम दंगलींत काय झालं, ते ज्यांनी पाहिलं ते आजही त्यावर बोलताना आवाज खाली आणतात. पण १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांच्या माणसांना एका सतरंजीवर बसवलं, छोटी भांडणं तिथल्या तिथे मिटवली. आणि १९९२-९३ ला मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या सतरंजीवर कुणाला आपला धर्म घरी ठेवून यायला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या धर्मापुढे हात जोडायलाही सांगितलं नव्हतं. माझ्या मते शाळेचं पटांगण म्हणजे तीच सतरंजी, फक्त बसणारी माणसं लहान.

जोतीराव फुल्यांनी शेवटच्या आजारपणात लिहिलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ साली, त्यांच्या मागे छापलं गेलं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. घरातली बाई बौद्ध, तिचा नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने आपापलं पुस्तक वाचून निवडलेलं, आणि सगळे एका छताखाली प्रेमाने राहताहेत. असं घर आजही विरळाच. पण वडप्यासारख्या गावाच्या परिसरातली जिल्हा परिषदेची शाळा जवळजवळ तशीच असते. हजेरीपट उघडून आडनावं वाचावीत, म्हणजे पटेल. फुल्यांना एका छताखाली जे हवं होतं ते आपल्याकडे रोज सकाळी आपसूक भरतं. आपण ते मोडू नये, इतकीच जबाबदारी उरते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या बायका असाव्यात असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. म्हणजे ही जबाबदारी पेलायचा अधिकार आपल्याच हातात आहे. माझ्या पालकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. शाळेत पूजा घालू, वर्गणी काढू, असा विषय निघाला तर ती पूजा गावच्या देवळात जोरात करा, मीही येईन. शाळेसाठी काढलेल्या वर्गणीतून मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार बसवा. आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक ठराव लिहून घ्या, ज्याला खर्च शून्य आहे: आमच्या शाळेत परिपाठाच्या वेळी सगळी मुलं शांत उभी राहतील, आणि हात जोडावेत की नाही हे कुठल्याही मुलाला कुणी सांगणार नाही.