ओसाड शहरातलं भय कुणाचं?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूहून मोटारीने तीनेक तास आग्नेयेला गेलं की कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड लागतं. १९४३ मध्ये प्लुटोनियमच्या गुप्त प्रकल्पासाठी हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही गावं रिकामी करण्यात आली. वानापम या आदिवासी लोकांची पिढीजात वस्तीही उठली. व्हाइट ब्लफ्सच्या दफनभूमीतले मृतदेहसुद्धा उकरून प्रॉसरला हलवले. इथल्याच प्लुटोनियमपासून नागासाकीवरचा बॉम्ब बनला. पुढे पर्यटक तिथली बी अणुभट्टी पाहायला जाऊ लागले.

अशा जागेवर भयपट काढावा का?

अशाच दुसऱ्या जागेवर तो निघालाही आहे: 'चेर्नोबिल डायरीज' हा २०१२ चा हॉलिवूडपट धाडसी पर्यटनावरच बेतलेला आहे. काही तरुण वाटाड्या घेऊन चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर ओसाड पडलेल्या प्रिप्यात शहरात शिरतात आणि एकेक करून मारले जातात. चित्रीकरण झालं सर्बिया आणि हंगेरीत. पण खरा आक्षेप वेगळा आहे: मारेकरी निघतात ते किरणोत्सर्गाने विद्रूप झालेले रुग्ण. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच पडद्यावर राक्षस केलं, हे अधर्माचं काम आहे.

२७ एप्रिल १९८६ रोजी खरं प्रिप्यात बसगाड्यांनी रिकामं झालं, तेव्हा तिथे सुमारे ४९ हजार माणसं राहत होती. ईस्टरनंतरच्या स्मरणदिनांत भोवतालच्या निषिद्ध टापूतल्या गावांचे जुने रहिवासी आप्तांच्या थडग्यांवर परतत असत. आपल्याकडे पितृपक्षात पितरांसाठी पान वाढतात, त्यामागचं नातं हेच. मृतांविषयी जिवंतांचं काही देणं असतं, आणि तिकीट काढलं म्हणून ते फिटत नाही. दिग्दर्शकाला भीतीच दाखवायची असेल, तर अणुभट्टीच्या स्फोटानंतरचा दीड दिवस आहे: शहराला काहीच सांगितलेलं नव्हतं आणि मुलं बाहेर खेळत होती.